दोन एकर श्रावण घेवडा लावू का?

प्रश्न: आमचं गाव कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात. जमीन अडीच एकर. त्यातली एक एकर माळाची मुरमाड, दीड एकर काळी. काळीला विहिरीकडून ओढ्याकडे उतार आहे. विहिरीला माघापर्यंत पाणी, पुढे तळ दिसतो. मामंजी दर खरिपाला माळावर वरुण घेवडा (वाळवून विकायच्या राजम्याची एक जात) करतात. गेल्या वर्षी एकरात साडेपाच क्विंटल झाला, ७,८०० रुपये क्विंटलने गेला, खर्च १८ हजारांच्या आसपास आला. शेजारच्या गावात एकाने श्रावणात हिरव्या शेंगा पुण्याला पाठवल्या, किलोला ७० रुपये घेतले म्हणे. मागच्या आठवड्यात एक बियाणेवाला घरी येऊन गेला. म्हणाला, 'काळीत नि माळावर मिळून दोन एकर श्रावण घेवडा लावा, बी मी देतो, सगळा माल मीच उचलतो.' यजमानांचं मन झालंय. मामंजी म्हणतात, 'घेवडा हे वाळवून विकायचं पीक. हिरवा विकायला जाल तर तोडणीतच बसाल.' तोडायला मी, सासूबाई आणि पैऱ्याने (कामाच्या बदल्यात काम) येणाऱ्या दोघीजणी. सोसायटीचं कर्ज आहेच. काय करावं? कृपया नाव छापू नये.

उत्तर:

ताई, श्रावण घेवडा, म्हणजे हिरव्या शेंगेचा घेवडा, दोन एकर लावू नका. अर्धा एकर लावा, तोसुद्धा एका दिवशी नाही, तीन तुकड्यांत. आणि माळावरचा मामंजींचा घेवडा अजिबात मोडू नका. आता हे असं का, ते तुमच्याच आकड्यांनी सांगतो. पत्रात आकडे दिलेत म्हणून हे जमतंय. एरवी लोक 'परवडत नाही' एवढं एकच वाक्य लिहून पाठवतात आणि उत्तर मागतात.

आधी मामंजींचा हिशेब. साडेपाच क्विंटलचे ४२,९०० रुपये झाले. १८ हजार खर्च वजा केला तर २४,९०० उरले. मुरमाड माळावर, बहुतेक पावसाच्याच पाण्यावर, अडीच महिन्यांत. शिवाय ते रान दसऱ्याच्या आत मोकळं होतं, म्हणजे मागून ज्वारी किंवा हरभरा घेता येतो. हे पीक श्रीमंत करणार नाही, पण सोसायटीचा हप्ता याच्यावर भागतो आणि तोडणीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. उपटला, वाळवला, बडवला, पोत्यात भरला. भाव पडला तर महिनाभर थांबायची सोय आहे. हिरव्या शेंगेला थांबायची सोय नाही. ती उद्या विकली नाही तर परवा बकरीला घालावी लागते.

आता ते ७० रुपये. तो भाव खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण कुठल्या तोड्याला मिळाला आणि किती किलोला, हे त्या शेजाऱ्याने सांगितलेलं नाही. श्रावणात हिरव्या भाजीला मागणी असते हे खरं. पण भाव वर जातो त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. त्या दिवसांत झड लागते, करपा येतो, शेंगेवर काळे डाग पडतात, कित्येकांचा माल रानातच सडतो. ज्याचा वाचला त्याला ७० मिळतात. आपला वाचेल की सडेल हे लावताना माहीत नसतं. म्हणून वर्षाचा हिशेब ७० वर मांडायचा नाही.

अर्ध्या एकराचा, म्हणजे २० गुंठ्यांचा, एक अंदाज मांडतो. बी, मजुरी, गाडीभाडं तुमच्या गावच्या दराने बदलून घ्या. पद्धत तीच ठेवा. समजा झुडपी श्रावण घेवडा लावला आणि १५ क्विंटल शेंग निघाली. याहून जास्त निघू शकते, पण पहिल्या वर्षी एवढीच धरा. बी ६ हजार, शेणखत आणि खतं ६ हजार, मशागत-टोकण-खुरपणी ७ हजार, फवारणी ४ हजार. हे झाले २३ हजार आणि अजून एक शेंग तोडलेली नाही. बाईची रोजंदारी ३०० धरली आणि दिवसाला एकीने ४० किलो तोडली, तर किलोला साडेसात रुपये तोडणी. १५ क्विंटलचे ११,२५०. क्रेट, गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून किलोला ४ रुपये, म्हणजे ६ हजार. एकूण ४०,२५०. किलोला जवळपास २७ रुपये पडले.

म्हणजे सगळ्या तोड्यांची सरासरी २७ ला आली तर तुम्ही जिथल्या तिथे. ३० मिळाली तर हातात पावणेपाच हजार. ४५ मिळाली तर २७ हजारांच्या वर. २० मिळाली तर दहा हजारांचा खड्डा. एकाच रानात, एकाच मेहनतीत एवढा फरक फक्त भावाने पडतो. हा अर्धा एकर आहे; दोन एकराला खड्डाही चौपट होतो आणि सोसायटीचं व्याज त्या खड्ड्यात उभं राहतं.

याच हिशेबातून आणखी एक आकडा काढून घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तोडणी आणि वाहतूक मिळून किलोला साडेअकरा रुपये लागतात. बाजारात भाव १२ च्या खाली गेला तर तोडू नका. आधीचा खर्च बुडालाच आहे. तोडून पाठवली तर पदरचे पैसे आणखी घालावे लागतील. हे समजतं सगळ्यांना, पण डोळ्यांसमोर शेंगा लटकत असताना हात थांबत नाहीत. तोडणीला घरच्याच दोघी असतील तर हा आकडा खाली येईल. तरीसुद्धा तुमची आणि सासूबाईंची मजुरी वहीत लिहा. घरच्या बाईची मजुरी शून्य धरली की कुठलंही पीक फायद्याचं दिसतं.

मामंजी 'तोडणीतच बसाल' म्हणतात ते याचसाठी. दोन एकरात मघाच्या अंदाजाने ६० क्विंटल शेंग. झुडपी घेवड्याचे साधारण चार तोडे होतात आणि दुसरा तोडा सगळ्यात मोठा. त्याला एकूण मालाच्या तिसरा हिस्सा धरा, म्हणजे २० क्विंटल. दिवसाला ४० किलो तोडणाऱ्या ५० बायका एका दिवशी, किंवा २५ बायका दोन दिवस. तुम्ही चौघी. आणि श्रावणात गावातली प्रत्येक बाई सोयाबीनच्या, भुईमुगाच्या खुरपणीला लागलेली असते. २५ बायका आणणार कुठून? चार दिवस उशीर झाला की शेंगेत दाणा फुगतो, दोर धरतो, पुण्याचा व्यापारी ती बाजूला सारतो. वर झाडावर जून शेंग राहिली की झाड नवी फुलं धरायचं थांबतं. म्हणजे दुसरा तोडा चुकला की तिसरा-चौथाही गेला.

आता उलट बाजूने या. तुम्ही चौघी एका दिवसात १६० किलो तोडता. सात गुंठ्यांत सव्वापाच क्विंटलच्या आसपास शेंग होते आणि मोठा तोडा पावणेदोनशे किलोचा पडतो. चौघींना एक दिवस पुरतो. थोडं उरलंच तर यजमानांनी वाकावं, शेंग काही पुरुषाच्या हाताला वावडी नाही. म्हणून सात-सात गुंठ्यांचे तीन तुकडे करा. पहिला मृगात वाफसा आला की टोका, दुसरा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, तिसरा आणखी दहा-बारा दिवसांनी. टोकणीपासून ४५ दिवसांच्या आसपास पहिला तोडा येतो. त्यामुळे जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी शेंग निघत राहील. एका तोड्याला भाव पडला तरी बाकीचे हातात असतात. झडीत एक तुकडा गेला तर दोन उरतात. श्रावण दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, तेव्हा टोकणीआधी पंचांग एकदा बघून घ्या.

हे तुकडे पाडायचे कुठे? ओढ्याकाठी मुळीच नाही. घेवड्याला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. काळीत दोन दिवस पाणी थांबलं की मूळ कुजतं आणि उभं झाड पिवळं पडून मान टाकतं. विहिरीकडचा वरचा उतार घ्या. सरी-वरंबा पाडा, सरीचं तोंड खाली उघडं ठेवा म्हणजे झडीचं पाणी निघून जाईल. बी वरंब्याच्या बगलेला टोका. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत अर्ध्या फुटाच्या आत-बाहेर अंतर पुरे. ओढ्याकडच्या एकरात तुमचं नेहमीचं पीक चालू द्या.

एक तपासणी मात्र टोकणीआधी हवीच. विहिरीचं पाणी आणि वरच्या उताराची माती तपासायला द्या. भाजीपाल्यात खारवटपणाला सगळ्यात आधी हार जाणाऱ्यांत घेवडा आहे. जे पाणी ज्वारीला, कपाशीला चालतं, त्याच पाण्यावर घेवड्याच्या पानांच्या कडा करपतात. चुनखडीची जमीन असेल तर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. त्यावर युरिया ओतत बसणारे मी खूप पाहिलेत.

युरियाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'कडधान्य आहे, नत्र हवेतून घेतं, खत कशाला' हे मूग-मटकीला पुष्कळसं लागू पडतं, घेवड्याला नाही. आपल्या जमिनीत घेवड्याच्या मुळांवर गाठी फार कमी धरतात. रब्बी राजम्याला हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्राची शिफारस त्यामुळेच आहे. मामंजींच्या माळावर पीक पिवळट, बुटकं राहत असेल तर कारण बहुतेक हेच. माती परीक्षणाच्या कागदावर जो आकडा येईल तो दोन हप्त्यांत द्या: निम्मं टोकणीला स्फुरद-पालाशाबरोबर, निम्मं तीन-चार आठवड्यांनी खुरपणीनंतर. फुलं लागल्यावर नत्र देऊ नका, नुसता पाला माजतो.

जातीचं म्हणाल तर हिरव्या शेंगेसाठी झुडपी वाण घ्या. कंटेंडर, अर्का कोमल, फुले सुयश हे ओळखीचे आहेत. तुमच्या भागात भाजीवाले जो लावतात आणि पुण्याचा व्यापारी जो नावाने मागतो तो पहिला. दुकानात नुसतं 'घेवड्याचं बी द्या' म्हणू नका. तुमच्याकडे घेवडा म्हणजे राजमा आणि दुकानदार वरुण बांधून देईल. वेलीचा श्रावण घेवडा जास्त दिवस चालतो आणि उभ्याने तोडता येतो, कंबर वाचते. पण बांबू, तार, सुतळी यांचा खर्च अंगावर येतो. गावात कुणाचा टोमॅटोचा मांडव उभा असेल आणि पीक संपलेलं असेल, तर त्यावर वेल चढवण्याची बोली करून बघा. नुसत्या घेवड्यासाठी नवा मांडव घालू नका.

त्या बियाणेवाल्याचं काय करायचं? तो फसवाच असेल असं नाही. पण 'सगळा माल उचलतो' या बोलण्यात भाव कुठे आहे? त्याला चार गोष्टी कागदावर लिहून मागा. कमीत कमी किती भावाने घेणार, की बाजारभावाने. आणि बाजारभाव म्हणजे कुठल्या बाजारचा, कुठल्या दिवसाचा. माल बांधावरून नेणार की तुम्ही पोचवायचा. कुठली शेंग नापास करणार आणि नापास ठरवणार कोण. पैसे किती दिवसांत आणि कशाने. यातल्या एकाही गोष्टीला तो 'बघू, आपण घरचेच आहोत' म्हणाला, तर तो बी विकायला आलाय, माल घ्यायला नाही. बी त्याच्याकडून घेतलंच तर पक्की पावती घ्या, पाकिटावरचा लॉट नंबर वहीत उतरवा, एक पाकीट थोड्या बियांसह जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी कार्यालयात तक्रार करताना हेच लागतं. आणि टोकणीच्या आधी आठ-दहा दिवस १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यात ७५ च्या खाली उगवले तर ते बी रानात नेऊ नका.

बाजार तुमचा तुम्हीही बघा. दीडशे किलोसाठी पुण्याला स्वतंत्र गाडी परवडत नाही, म्हणून उत्तर कोरेगावातून गुलटेकडीला, म्हणजे पुण्याच्या मार्केट यार्डाला, रोज कुणाची भाजीची गाडी जाते ते आत्ताच विचारून ठेवा. पुण्याच्या मार्केट यार्डात रविवारी आवक मोठी असते, भाव त्याप्रमाणे हलतो. कोरेगाव आणि साताऱ्याचा बाजारही सोडू नका; तिथे भाव थोडा कमी असला तरी भाडं वाचतं. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, अडत (दलाली) शेतकऱ्याकडून कापायची नाही असं तेव्हाच ठरलं. पट्टी (विक्रीची पावती) हातात आली की फक्त खालची रक्कम वाचू नका. हमाली, तोलाईच्या ओळीखाली आणखी काय काय कापलंय ते बघा आणि विचारा.

तोडणीची एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पानावर दव किंवा पावसाचं पाणी असताना घेवड्यात शिरायचं नाही. ओल्या पानाला पदर घासला, हात लागला की करपा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. तोडणाऱ्यांच्या हातानेच सगळा प्लॉट लागतो. तेव्हा सकाळची घाई नको. पानं सुकल्यावर दुपारून तोडा. एका हाताने डहाळी धरा, दुसऱ्या हाताने शेंग देठासकट खुडा. ओढाल तर झाडच वर येईल, मुळं उथळ असतात. शेंग वाकवली की काडकन मोडली पाहिजे आणि मोडताना दोर निघता कामा नये. बाहेरून दाण्याचे उंचवटे दिसायला लागले असतील तर उशीर झाला. तोडलेली शेंग सावलीत, गोणपाटावर पसरून ठेवा. संध्याकाळी वाकडी, डागी, किडकी वेगळी काढा आणि रात्री क्रेटमध्ये भरून गाडीला लावा. पोत्यात दाबून भरली तर आतून गरम होते आणि पुण्याला पोचेपर्यंत चिकट होते. वजन वाढावं म्हणून पाणी मारू नका, सकाळपर्यंत डाग पडतात. डागी शेंग वेगळी काढायला जीव होत नाही हे मान्य, पण व्यापारी क्रेटमध्ये वरची शेंग बघत नाही, खाली हात घालून मूठभर काढतो.

रोग-किडीचं थोडक्यात. पहिल्या तीन आठवड्यांत खोडमाशीवर नजर ठेवा: रोप सुकलं की उपटून खोड उभं चिरून बघा, आत तपकिरी वाट दिसली तर तीच. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया मूळकुजीसाठी करा. मावा आणि पांढरी माशी मोझॅक हा विषाणूरोग पसरवतात, म्हणून पिवळे चिकट सापळे लावा आणि पानं आकसलेली, चट्टेरी झालेली झाडं दिसताक्षणी उपटून रानाबाहेर न्या. पानाखाली तांबूस पूड दिसली की तांबेरा. फवारणी जी करायची ती पहिल्या तोड्याआधी. एकदा तोडे सुरू झाले की दर तीन-चार दिवसांनी शेंग कुणाच्या तरी ताटात जाते. डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) त्याहून मोठा असेल तर ते औषध त्या वेळी चालणारच नाही. तोड्यांच्या दिवसांत निंबोळी अर्कावर भागवा. आणि फवारणीनंतर शेंग घरी भाजीला आणायची नाही असं ज्या घरात ठरतं, त्या घराने ती बाजारातही पाठवू नये.

उन्हाळी घेवड्याचा मोह होईल, कारण मार्च-एप्रिलला भाव चांगला असतो. तुमच्या विहिरीवर तो बसत नाही. फुलं येतात तेव्हाच तळ दिसायला लागतो आणि पारा पस्तिशीकडे गेला की फूल टिकत नाही, गळतं. दसऱ्याच्या सुमारास मात्र सात-दहा गुंठे करून बघायला हरकत नाही. थंडीत शेंग सुरेख येते, करपा कमी, पाणीही पुरतं. भाव श्रावणाएवढा नसतो, पण माल हमखास निघतो. पहिल्या वर्षी शिकायला तो हंगाम जास्त बरा, असं माझं मत आहे. यजमानांना थांबायला सांगता आलं तर मी दसऱ्यापासूनच सुरुवात करा म्हणेन.

आता माळाकडे परत येतो, कारण तुमच्या गावात बसून घेवड्याचा पैसा वाढवायची खरी जागा तीच आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंगावर वाघासारखे लाल पट्टे असलेला तो गावरान दाणा. वरुण लवकर येतो, हमखास येतो, म्हणून लोकांनी वाघ्या सोडला, त्यात त्यांचं चुकलं असं नाही. राजम्याला हमीभाव नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर यांना आहे. शिवाय बाहेरच्या देशांतून येणारा राजमाही बाजारात असतो. त्यामुळे पोत्याने विकलेल्या वरुणचा भाव तुमच्या हातात कधीच नसतो. किलो-किलोने विकलेल्या अस्सल वाघ्याचा थोडाफार असतो. माळाच्या एका कडेला पाच गुंठे वाघ्या करा. जुन्या घरांतून बी मिळतं. मामंजींना ठाऊक असेल कुणाकडे आहे ते. पुण्या-मुंबईत तुमच्या भागातली किती माणसं आहेत बघा. गावच्या घेवड्याची आमटी त्यांना आठवत असते आणि दोन-दोन किलो ती आनंदाने नेतात. मानांकनाचं नाव-चिन्ह पिशवीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ज्या शेतकरी गटाने मानांकन घेतलं त्यांना आणि आत्मा (कृषी विभागाची शेतकऱ्यांसाठीची यंत्रणा) किंवा कृषी कार्यालयात त्याची वाट विचारा. तोपर्यंत नुसता 'आमच्या रानातला' म्हणून विका. वरुण मात्र वाघ्या म्हणून कुणाला देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवले तर पोरसुद्धा फरक सांगतं, आणि एकदा गिऱ्हाईक तुटलं की ते अख्ख्या तालुक्याला तोडून जातं.

वाळवणीच्या घेवड्यातही थोडं जास्त पदरात पडू शकतं. शेंगा पिवळ्या पडल्या की सकाळच्या ओलाव्यात उपटा, उन्हात उपटाल तर शेंग फुटून दाणा रानात सांडतो. सप्टेंबरच्या पावसात ढीग भिजला तर दाण्याला डाग पडतो आणि भाव तिथेच उतरतो. ताडपत्रीचे पैसे एका पावसात वसूल होतात. दाणा दाताखाली फोडला की कट् आवाज आला पाहिजे, नुसता दबला तर अजून ऊन हवं. ओला भरला तर दिवाळीपर्यंत भुंगे बाहेर येतात आणि मग 'भाव येईपर्यंत थांबू' ही सोयच राहत नाही.

घरातलं शेवटी लिहितो, पण ते लहान नाही. मामंजींना चूक ठरवून हा अर्धा एकर मिळणार नाही. त्यांचा माळ तसाच राहणार आहे हे आधी सांगा, मग वरच्या उताराचे २० गुंठे मागा, एका हंगामापुरते. त्यांना वाघ्याचं बी शोधायला पाठवा. हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. यजमानांना गाडी आणि बाजार पाहू द्या. वही तुमच्याकडे ठेवा. आणि तोडणी तुम्ही, सासूबाई आणि त्या दोघी करणार असाल तर पट्टी तुमच्या नावाने फाडायला सांगा, पैसे तुमच्या खात्यावर येऊ द्यात. सोसायटीचा हप्ता त्यातूनच भरा हवं तर. पण चार तोड्यांचं काय झालं, हे ज्यांनी तोडलं त्यांना कळलं पाहिजे. पैऱ्याने येणाऱ्या दोघींच्या रानात तुम्हाला जायचे दिवसही त्याच वहीत मांडा. श्रावणात तुमची शेंग आणि त्यांची खुरपणी एकाच वेळी येणार, तेव्हा आत्ताच त्यांच्याशी दिवस ठरवून घ्या.

बियाणेवाल्याला अजून होकार देऊ नका. आधी पाण्याचा आणि मातीचा अहवाल येऊ द्या. पाणी खारवट निघालं, तर वर लिहिलेला हिरव्या शेंगेचा सगळा बेत बाजूला ठेवायचा आणि त्या २० गुंठ्यांत दुसरी भाजी शोधायची. अहवालातले आकडे मला कळवा. कुठली भाजी ते तेव्हा सांगतो.